आतला नाका: गाडी लागणाऱ्यांसाठी हातावरचा एक बिंदू

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना आंबेनळी घाटाची चार वळणं झाली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. चिंचेचं नव्हे. ते दुसरं, पातळ, उलटीच्या आधी येतं ते. मग जांभया सुरू होतात, मग कानामागे गार घाम. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढचं सांगायला नको आणि ज्यांना लागत नाही ते ‘खिडकीपाशी बस, वारा घे’ म्हणून मोकळे होतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका खेपेला माझ्या दोन्ही हातांत करडे लवचिक पट्टे होते. गाडी लागू नये म्हणून मामेबहिणीने दिलेले, आतून प्लॅस्टिकचं अर्धगोल बटण असलेले. मी ते घड्याळासारखे अगदी मनगटाच्या सांध्यावर चढवले होते आणि उजव्या पट्ट्याचं बटण तर चक्क बाहेरच्या बाजूला होतं. प्रतापगडाचा फाटा यायच्या आत पिशवी उघडावी लागली. पुढची दोन वर्षं मी भेटेल त्याला सांगत होते, की त्या पट्ट्यांत काही दम नाही.

दम किती आहे ते खाली सांगतेच. पण हातावरच्या ज्या ॲक्युप्रेशरच्या बिंदूवर बटण टेकायला हवं तिथे ते टेकलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर मी ओळखीतल्या बऱ्याच जणांचे हात पाहिले. नव्याने शिकणारे जवळजवळ सगळे तीच चूक करतात: दाब किती, वेळ किती याच्या चौकशा आधी आणि जागा मात्र अंदाजपंचे. म्हणून या लेखात जागा शोधण्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

नाव आणि पत्ता

या बिंदूचं चिनी नाव नेइग्वान. नेइ म्हणजे आत. ग्वान म्हणजे नाका, खिंडीतली चौकी. चीनची भिंत पूर्वेला समुद्राशी येऊन थांबते तिथल्या शानहायग्वान या ठाण्याच्या नावात हाच ग्वान आहे आणि चिनी भाषेत कस्टम्सला हायग्वान म्हणतात त्यातही हाच. तेव्हा नेइग्वान म्हणजे आतला नाका. हात उलटा केला, की याच उंचीवर पाठच्या बाजूला, दोन हाडांच्या मध्ये, वायग्वान म्हणजे बाहेरचा नाका आहे. जोडी लक्षात राहायला सोपी.

ॲक्युपंक्चरच्या तक्त्यांवर त्याला पीसी ६ म्हणतात, काही जुन्या पुस्तकांत नुसतं पी ६. पीसी म्हणजे पेरिकार्डियम, हृदयाभोवतीचं आवरण. चिनी वैद्यकात हे आवरण हृदयाचा राखणदार मानलं जातं आणि त्याची एक वेगळी वाहिनी सांगितली आहे. ती छातीवर स्तनाग्राच्या शेजारी सुरू होते, दंडातून आणि हाताच्या आतल्या बाजूने उतरते आणि मधल्या बोटाच्या टोकाशी संपते. तिच्यावर नऊ बिंदू आहेत, त्यातला हा सहावा. वाहिनीतून ‘ची’ म्हणजे जीवनशक्ती वाहते, ती अडली किंवा उलटी फिरली की त्रास होतो आणि मळमळ म्हणजे खाली जायला हवी ती पोटाची ची वर चढणं, अशी ती मांडणी. शरीर उघडून पाहिलं तर अशी नळी सापडत नाही. सापडते ती मीडियन नर्व्ह, म्हणजे अंगठ्यापासून अनामिकेपर्यंतच्या बोटांना संवेदना पुरवणारी मोठी नस. ती बिंदूच्या बरोबर खालून जाते. दाब देताना तिची आठवण ठेवायची आहे.

पत्ता जुना आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथाच्या ‘लिंगशू’ भागात, दहाव्या अध्यायात, नेइग्वान मनगटापासून दोन त्सुन (हे चिनी माप, खाली समजावते) अंतरावर, दोन शिरांच्या मधून बाहेर येतो असं लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या जागा ठरवून देणारं पुस्तक काढलं, त्यातही अंतर तेवढंच आहे, फक्त शिरांना शरीरशास्त्रातली नावं मिळाली.

एक गोंधळ इथेच मिटवते. जत्रेत किंवा प्रदर्शनात काटेरी लाकडी रोलरबरोबर तळहाता-तळपायाचा रंगीत नकाशा मिळतो, अंगठ्यावर मेंदू आणि टाचेवर कंबर दाखवणारा. ती रिफ्लेक्सॉलॉजी, तिचं मूळ विसाव्या शतकातल्या अमेरिकेत आहे. त्या नकाशात नेइग्वान शोधत बसू नका. तो तळव्यावर नाहीच.

पहिली पायरी: मनगटाची घडी

घड्याळ, बांगड्या, मनगटाचा दोरा काढून ठेवा किंवा कोपराकडे सरकवा. तळवा स्वतःकडे करून हात सैल धरा, मनगट थोडं आत वाकवा. मनगटावर दोन-तीन आडव्या रेघा उमटतील. तळव्याला सगळ्यांत जवळची जी ठळक रेघ आहे ती आपली. अंतर तिथून मोजायचं. वरच्या रेघेपासून मोजलंत तर सुरुवातीलाच एक बोट चुकलं.

दुसरी पायरी: तीन बोटं, ज्याची त्याची

दुसऱ्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवून मनगटावर आडवी ठेवा. अनामिकेची कड त्या रेघेला टेकली पाहिजे, तर्जनी कोपराच्या बाजूला. तर्जनीची वरची कड जिथे येते ती आपली उंची. पेनाने तिथे एक आडवी बारीक रेघ मारा. लाजू नका, पहिल्या आठवड्यात पेन लागतोच.

ही तीन बोटं म्हणजे दोन त्सुन. एक त्सुन म्हणजे अंगठ्याच्या मधल्या सांध्यापाशी असलेली अंगठ्याची रुंदी. आपल्याला यात नवीन काही वाटायला नको. आयुर्वेदातही शरीराची मापं ज्याच्या त्याच्या अंगुळांनी सांगितली आहेत. सहा फुटी माणसाचा हात लांब, तशी त्याची बोटंही रुंद. म्हणून हे माप सेंटिमीटरमध्ये पाठ करून उपयोग नाही आणि दुसऱ्याच्या हातावर स्वतःची बोटं ठेवूनही नाही. मुलाला गाडी लागते म्हणून आई आपली तीन बोटं त्याच्या हातावर ठेवते आणि बिंदू थेट हाताच्या मध्यावर जाऊन पडतो. मुलाच्या हातावर मुलाचीच बोटं.

चार बोटं ठेवायचा मोहही टाळा. चार बोटं म्हणजे तीन त्सुन, तिथे पुढचा बिंदू आहे, ज्यानशी नावाचा, पीसी ५. आणि अगदी घडीवर, मी बटण टेकवलं होतं तिथे, पीसी ७. म्हणजे बिंदूवर माझा पट्टा बसला होता खरा, फक्त चुकीच्या.

बोटांचा भरवसा वाटत नसेल तर ताळा करायची एक रीत आहे. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या आतल्या घडीपर्यंतचं अंतर चिनी हिशेबात बारा त्सुन असतं, हात कोणाचाही असो. वर्तमानपत्राची एक लांब पट्टी फाडा, या अंतराइतकी कापा. आधी तिची तीन समान भागांत घडी घाला, मग मधोमध एकदा. सहा भाग झाले. त्यातला एक भाग म्हणजे दोन त्सुन. माझी पट्टी २४ सेंटिमीटर भरली, एक भाग ४ सेंटिमीटरचा. माझी तीन बोटं मात्र साडेचार. अर्ध्या सेंटिमीटरचा हा फरक घाबरण्यासारखा नाही, दोन्ही खुणांच्या मधली जागा बोटाने चाचपून पाहायची. सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत, ती एकमेकांना चिकटतच नाहीत. त्यांच्यासाठी पट्टीच बरी पडली.

तिसरी पायरी: दोन शिरा, कधीकधी एकच

उंची सापडली. आता आडवी जागा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट किंचित आत वाकवा. हाताच्या मधोमध दोरीसारखी एक शीर ताठ उभी राहील. तिच्या अंगठ्याकडच्या बाजूला आणखी एक जाड शीर लागते. बोलताना आपण शीर म्हणतो, पण या रक्ताच्या शिरा नाहीत, स्नायूंच्या दोऱ्या आहेत, डॉक्टर त्यांना टेंडन म्हणतात. मधली ती पामारिस लाँगस, अंगठ्याकडची फ्लेक्सर कार्पी रेडिआलिस. दोघींमधल्या खाचेत, आपल्या आडव्या रेघेवर, ठिपका काढा. तोच नेइग्वान.

मधली दोरी उभीच राहिली नाही तर? पुन्हा करून पाहा, मग दुसऱ्या हातावर पाहा. ही दोरी पुष्कळ लोकांना नसते. पाठ्यपुस्तकं साधारण १५ टक्के सांगतात, वेगवेगळ्या प्रदेशांत आकडा बराच बदलतो. माझ्या उजव्या हाताला ती आहे, डाव्याला नाही. हे मला चाळिशीनंतर, या बिंदूच्या नादाने कळलं. तोवर डाव्या हाताने कणीक तिंबली, पिशव्या उचलल्या, काही अडलं नाही. नसल्याने हाताच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही म्हणूनच तर सर्जन दुसरीकडची तुटलेली दोरी जोडायला हीच काढून वापरतात.

दोरी नसेल तर जी एक हाताला लागते ती अंगठ्याकडची असते. तिच्या करंगळीकडच्या कडेला, लगेच शेजारी, ठिपका काढायचा. नवशिके इथे उलट्या बाजूला जातात, अंगठ्याकडे सरकतात आणि थेट नाडीवर अंगठा ठेवतात. बोटाखाली ठोके लागले तर तुम्ही धमनीवर आहात. तिथून मागे, हाताच्या मध्याकडे या.

ठिपका काढल्यावर मूठ सोडा, हात सैल करा. दोऱ्या आत बसतील आणि ठिपक्याखाली मऊ खळगा लागेल. बऱ्याच जणांना तिथे दाबल्यावर आजूबाजूपेक्षा वेगळं, थोडं ठसठसल्यासारखं वाटतं. नाही वाटलं तरी मोजमाप बरोबर असेल तर जागा बरोबर आहे.

चौथी पायरी: दाब

दुसऱ्या हाताचा अंगठा ठिपक्यावर, बाकीची बोटं हाताच्या पाठीमागे आधाराला. पक्कड तयार झाली. अंगठ्याच्या पेराने दाबा, नखाने नको. हळूहळू दाब वाढवा आणि जड, बधिर, ‘दुखतंय पण बरं वाटतंय’ अशा पायरीला थांबा. मग दाब तसाच ठेवून अंगठा जागच्या जागी लहान गोल फिरवा, कातडीवर घासू नका, कातडीसकट फिरवा. दोन ते तीन मिनिटं. मग दुसरा हात. दरम्यान श्वास नेहमीसारखा चालू द्या. पुष्कळ जण दाबताना श्वास रोखून धरतात आणि मग गरगरलं म्हणून बिंदूला नावं ठेवतात.

अंगठ्यात, तर्जनीत किंवा मधल्या बोटात करंट लागल्यासारखी झिणझिण गेली तर दाब जास्त झाला, मीडियन नर्व्ह तक्रार करतेय. सोडा, मिनिटभर थांबा, निम्म्या दाबाने पुन्हा करा. काळंनिळं होईपर्यंत दाबण्यात कसलाही पराक्रम नाही.

गाडीसाठी करायचं तर तोंडाला पाणी सुटायच्या आधी करा. घाट सुरू व्हायच्या आधी एकदा, मग वाटेत दर पंधरा-वीस मिनिटांनी किंवा जरा ढवळल्यासारखं वाटलं की. पोट एकदा पुरतं उलटायला निघालं की अंगठ्याला कोणी विचारत नाही.

काही हात मात्र वगळायचे. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात, सलाईनची सुई लावलेला हात, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सूज येत असलेला हात, जखम, पुरळ, ताजं फ्रॅक्चर. या हातावर दाबही नको, पट्टाही नको. कार्पल टनेलचा त्रास असेल, म्हणजे रात्री बोटं बधिर होऊन जाग येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण दुखावलेली नस हीच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अगदी हलका हात ठेवा.

पट्टा घालायचा तर

सी-बँडसारखे पट्टे जोडीने मिळतात. एका हातात घालून दुसरा पट्टा शेजाऱ्याला देऊ नका, दोन्ही हातांसाठी ती जोडी असते. आधी पेनाचा ठिपका, मग पट्टा, बटण आतल्या बाजूला आणि ठिपक्याच्या बरोबर वर. पट्टा हात फिरवला तरी सरकू नये इतका घट्ट. बोटं निळसर, सुजलेली किंवा बधिर झाली तर लगेच काढा.

पट्टा मिळाला नाही तर खेळाडू घाम टिपायला घालतात तसला कापडी मनगटपट्टा घ्या आणि आत शर्टाचं मोठं बटण शिवून टाका. नुसतं सरकवून ठेवू नका, ते तिसऱ्या वळणाला सीटखाली जातं. लहान मुलांना बटणाचा घरगुती पट्टा देऊ नये. ते सुटून तोंडात जायला वेळ लागत नाही.

किती गुण येतो?

इथे पट्टे विकणारे आणि सगळं थोतांड म्हणणारे दोघेही घाई करतात.

बेलफास्टमधले भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८० च्या दशकात शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर या बिंदूचे प्रयोग सुरू केले, १९८६ मध्ये त्यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला आणि मग जगभर भूलतज्ज्ञांची रांग लागली. भूल उतरल्यावर होणाऱ्या उलट्या ही त्यांची रोजची डोकेदुखी, शिवाय रुग्ण समोरच झोपलेला, मोजायला सोपा. म्हणून या एका बिंदूवर जितके प्रयोग झालेत तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या बिंदूवर झाले असतील. १९९७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने बोलावलेल्या तज्ज्ञांनीही शस्त्रक्रियेनंतरच्या आणि केमोथेरपीच्या मळमळ-उलटीवर ॲक्युपंक्चर उपयोगी असल्याचं म्हटलं.

२०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात शस्त्रक्रियेच्या ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्ण एकत्र मोजले गेले. कुणाला सुई, कुणाला पट्टा, कुणाला वीजेचे सौम्य झटके, काहींना तर मिरचीच्या अर्काची पट्टी, पण जागा पीसी ६. दुसऱ्या गटाला खोटा उपचार, म्हणजे भलत्याच जागी दाब किंवा बटण नसलेला पट्टा. खऱ्या गटात मळमळ सुमारे एक तृतीयांशाने आणि उलट्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाल्या. समजा खोट्या गटात १०० पैकी ३० जणांना उलटी होणार असेल, तर खऱ्या गटात १८ जणांना. म्हणजे बारा जण वाचले आणि अठरा जणांना तरीही झालीच. उलटीच्या औषधांशी तुलना केली तेव्हा फारसा फरक दिसला नाही. मात्र चाचण्यांची प्रत फार चांगली नव्हती हेही आढावा घेणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. बटण टोचतंय की नाही हे रुग्णाला कळतंच, त्याच्यापासून ते लपवणार कसं?

गाडी लागण्याचं काय? तिथे निकाल एका दिशेला नाहीत. प्रयोगशाळेत घाट नसतो म्हणून माणसाला उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मोठ्या पिंपात बसवतात आणि पिंप त्याच्याभोवती गरागरा फिरवतात. अशा काही प्रयोगांत नेइग्वान दाबलेल्यांना कमी मळमळलं, काहींत काहीच फरक पडला नाही. गरोदरपणातल्या उलट्यांचंही तेच, कुठे गुण दिसला, कुठे नाही. कारणही अजून पक्कं सांगता येत नाही. नसेला मिळणारी चेतना मेंदूतल्या उलटीच्या केंद्रापर्यंत पोचत असावी असा एक विचार आहे, मन गुंतल्याचा आणि ‘काहीतरी केलं’ या दिलाशाचा वाटा त्यात आहेच.

माझं मत विचाराल तर फुकट आहे, बिनधोक आहे, औषधाची झोप नाही, म्हणून करून पाहावं. पण एकट्या अंगठ्यावर घाट सोपवू नये. पुढची सीट, नजर बाहेर लांबवर, मोबाइल बंद, पोट अगदी रिकामंही नको आणि मिसळ चापून गच्चही नको. आलेपाक किंवा आवळासुपारी खिशात असू द्या. ज्यांना नेहमीच जोरात लागते त्यांनी निघायच्या आधी घ्यायची गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. गोळी आणि बिंदू यांचं आपसात भांडण नाही.

जिथे बिंदू दाबत बसू नये

चिनी वैद्यकात नेइग्वान फक्त उलटीसाठी नाही. छातीतली धडधड, छाती भरून येणं, झोप न लागणं यांसाठीही तो वापरतात, छाती आणि हृदयाचा खास बिंदू म्हणून त्याचं नाव आहे. हे वाचून कोणी छातीत कळ आली असताना मनगट चोळत बसेल, ही मला या लेखाबद्दलची सगळ्यांत मोठी भीती आहे. छातीत दुखणं, त्याबरोबर घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, आणि हो, मळमळसुद्धा: हे हृदयविकाराच्या झटक्याचं चित्र असू शकतं. १०८ ला फोन करा. बिंदू नंतर.

डोक्याला मार लागल्यावरची उलटी, उलटीतून रक्त, असह्य डोकेदुखीबरोबरची उलटी, पोट दगडासारखं होऊन दुखणं, लघवी कमी किंवा गडद होणं, या सगळ्यांना दवाखाना.

गरोदर बायका हा पट्टा सर्रास वापरतात आणि दाबायला हरकत नसलेल्या बिंदूंत तो धरला जातो. पण त्याच तक्त्यावर अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातला हेगू आणि पायाच्या घोट्याच्या वरच्या बाजूचा सानयिन्ज्याव हे बिंदू गरोदरपणात परंपरेने वर्ज्य आहेत, तेव्हा ‘हाही दाबून पाहू’ असं करू नये. आणि उलट्या डोहाळ्यांच्या म्हणून किती दिवस सोसायच्या त्याला मर्यादा आहे. पाणीही पोटात ठरत नसेल, वजन उतरत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

सुई

सुई स्वतः टोचायची नाही, ‘मोबाइलवर बघून’ तर अजिबात नाही. ऑनलाइन सुया मिळतात आणि त्या केसासारख्या बारीक दिसतात, पण या बिंदूत सुई अर्धा ते एक त्सुन आत जाते आणि खाली नस तयारच बसलेली असते. शिकलेला माणूस सुई हळू घालतो आणि झटका बसला की लगेच मागे घेतो. तो झटका कोणता आणि अपेक्षित जडपणा कोणता, हे वाचून कळत नाही.

सुईचा उपचार घ्यायचाच असेल तर नोंदणी विचारा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली राज्याची परिषद नोंदणी करते. दुसरं पाहायचं ते सुयांचं पाकीट: बंद, निर्जंतुक, तुमच्यासमोर फोडलेलं आणि वापरून झाल्यावर सुया धारदार वस्तूंच्या डब्यात गेलेल्या. पाकीट आधीच फोडलेलं असेल तर ‘आज नको’ म्हणून उठून यावं.

ही विद्या भारतात आली त्या वाटेवर सोलापूर लागतं, थोडं आडवळणाने. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीस शल्यचिकित्सक, १९४२ मध्ये ते तिथेच वारले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बी. के. बसू पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन इथे ते करू लागले.

परवाची खेप

मे महिन्यात पुन्हा आंबेनळी उतरलो. या वेळी ठिपके काढले होते, पट्टे नीट बसवले होते. पण निघायच्या आधी गोळीही घेतली होती आणि पुढची सीटही मिळाली होती. पिशवी घडी करून ठेवली तशीच पर्समध्ये राहिली. श्रेय तिघांत कसं वाटायचं ते मला सांगता येणार नाही. पोलादपूरला उतरून पट्टे काढले तर दोन्ही हातांवर बटणाचे लाल गोल वळ. उजवा बरोबर पेनाच्या ठिपक्यावर. डावा, जिथे दोरी नाही तिथला, अर्धं बोट खाली सरकलेला.